वाचक विचारतात : इंजेक्टर फेकायचे की रबर बदलायचं?

या महिन्यात इंजेक्टरवरची, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागावरची, पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. फोंड्याच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्या गाडीचा माल आज कुठल्याही शोरूममध्ये मिळत नाही, आणि एक चुकीची खरेदी झाली तर गाडी कायमची उभी राहू शकते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्याकडे २००१ सालची सॅन स्टॉर्म आहे. चार वर्षं पडवीत उभी होती, आता पुन्हा चालू केली आहे. सकाळी सेल्फ मारला की उठते, पण आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, एका सिलिंडरचं मिसिंग आहे, तो नीट पेट घेत नाही. थोडी फिरवून बंद केली आणि पाच मिनिटांनी परत सेल्फ मारला तर उठायला फार वेळ घेते, पेट्रोलचा वासही येतो. मिस्त्री म्हणतो, चारही इंजेक्टर फेका, मारुतीच्या छोट्या गाडीचे बसवतो, तीही साठ हॉर्सपॉवरचीच. मुलगा म्हणतो, युरोपातून रेनॉल्टचे मागवू. पण तिथल्या दुकानांत एकाच इंजिनाखाली चार-पाच वेगवेगळे इंजेक्टर दिसतात. कोणते घ्यावेत?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : नमस्कार. स्टॉर्म अजून कुणी चालवतंय हे वाचून फार बरं वाटलं. गोव्यात घडलेली, फायबरग्लासच्या अंगाची, दोन सीटची उघड्या टपाची गाडी, आणि तिच्यात रेनॉल्टचं १,१४९ सीसीचं डी७एफ इंजिन. आपल्याकडे कुणी अशी गाडी करायचं धाडस केलं, तेही नव्वदच्या दशकाच्या शेवटी, याचं मला आजही कौतुक आहे. तेव्हा उत्तर जरा सविस्तर देते.

सगळ्यात आधी वासाबद्दल. वास जाईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. फायबरग्लास पेटला तर विझवायला जड जातो. डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या आणि पातळी बघा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वर चढली असेल, तर एखादा इंजेक्टर बंद असतानाही ठिबकतो आहे आणि ते पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरतं आहे. अशा ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात. ऑइल बदलल्याशिवाय सेल्फ मारू नका.

गरम इंजिन उशिरा उठणं आणि पेट्रोलचा वास, ही दोन लक्षणं एकत्र आली की माझा पहिला संशय ठिबकणाऱ्या नोझलवर जातो. दुसरा रेलच्या, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या, बाजूच्या ओ-रिंगवर, गळती अडवणाऱ्या रबरी कड्यावर. प्रेशर रेग्युलेटरला व्हॅक्युमची नळी असेल तर तीही उपसून बघा. तिच्यात पेट्रोल सापडलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलेला आहे आणि इंजेक्टर बिचारे निर्दोष आहेत. आयडलच्या मिसिंगचं कारण मात्र वेगळं असू शकतं. प्लग, प्लगची वायर, कॉम्प्रेशन हे आधी तपासून घ्या. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की चालू इंजिनात टकटक ऐकू येते. चारांपैकी एक गप्प असेल तर त्याचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा. चौघांचा रेझिस्टन्स साधारण सारखा आला पाहिजे. एक पूर्ण ओपन दाखवत असेल तर त्याची कॉइल गेली आहे आणि तो एक खरोखरच बदलावा लागेल. बाकी तिघांचा निर्णय बेंचवर, म्हणजे दुकानातल्या इंजेक्टर तपासायच्या यंत्रावर, होऊ द्या.

इंजेक्टर काढताना पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा. ते आपोआप बंद पडेल आणि लाइनमधला दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि जवळ अग्निशामक ठेवूनच रेल उचला. कुठला इंजेक्टर कुठल्या सिलिंडरचा, हे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. एवढं केलंत तर बेंचवाल्याला प्लगचा रंग आणि नोझलचा फवारा शेजारी ठेवून बघता येतो.

चारही इंजेक्टर फेकायच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पेट्रोलच्या इंजेक्टरमध्ये झिजण्यासारखं फार थोडं असतं. एक कॉइल, एक स्प्रिंग, मिलिमीटरच्या छोट्या अंशाएवढी उचलणारी सुई आणि तिची बैठक. वयाने खराब होतं ते त्याच्या भोवतालचं. वरच्या तोंडातली बारीक जाळी गाळाने बुजते, नोझलवर जुन्या पेट्रोलचा वार्निशसारखा थर बसतो आणि ओ-रिंग दगडासारख्या कडक होतात. शिट्टी होत नाही म्हणून कुणी कुकर फेकत नाही, रिंग बदलतो. चार वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाबतीत तर मी पैज लावायला तयार आहे की निम्मा त्रास थराचा आणि रबराचा असेल.

चांगल्या बेंचवाल्याकडून काय करून घ्यायचं? आधी जसे काढले तसेच, न धुता, चौघांचा फ्लो, म्हणजे मिनिटाला किती पेट्रोल सोडतो ते, मोजून कागदावर लिहून घ्या. मग जुनी जाळी उपसून अल्ट्रासॉनिक टाकीत धुणं. हे धुताना इंजेक्टर विजेने उघड-मीट होत राहिले पाहिजेत, नाहीतर फक्त बाहेरून चकचकीत होतात. त्यानंतर उलट्या दिशेने फ्लश, पुन्हा फ्लो, आणि शेवटी गाडीच्या दाबावर बंद ठेवून ठिबकण्याची चाचणी. या शेवटच्या चाचणीत टोकाला थेंब जमून पडला तर तो इंजेक्टर बाद, कितीही सुंदर फवारा देत असला तरी. फ्लोमध्ये चौघांत दोन-तीन टक्क्यांचा फरक चालेल. पाच टक्क्यांच्या वर गेला तर आयडलला जाणवतो. धुण्याआधीचे आणि नंतरचे आकडे लिहून न देणाऱ्या दुकानात काम करू नका, हे मी माझ्या धंद्यातल्या लोकांचा राग पत्करून सांगते.

ओ-रिंग घेताना मागायचं ते व्हायटन, म्हणजे एफकेएम रबर. पानाच्या दुकानासारख्या पाकिटातून मिळणारी साधी काळी नायट्राइल रिंग आजच्या पेट्रोलमध्ये फुगते, मग सुकल्यावर आकसते. व्हायटन बहुतेक तपकिरी किंवा हिरवी दिसते, पण रंगावर विश्वास ठेवू नका. पाकिटावर मटेरियल छापलेलं बघा. माप जुन्या रिंगवरून घेऊ नका, ती दाबून चपटी झालेली असते. इंजेक्टरची खाच आणि रेलचं भोक व्हर्नियरने मोजा. बसवताना रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा. कोरडी दाबली तर कडा कापली जाते आणि नवी रिंग पहिल्याच दिवशी गळते.

आता एखादा इंजेक्टर खरंच बाद झाला तर. मारुतीच्या सेटबद्दल मिस्त्रींचं बोलणं अगदीच निराधार नाही. हॉर्सपॉवरवरून इंजेक्टरच्या मापाचा अंदाज येतो. पूर्ण जोर लावला की एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण २२५ ग्रॅम पेट्रोल लागतं. साठ हॉर्सपॉवरला झालं साडेतेरा किलो, म्हणजे सुमारे १८ लिटर. चारांत वाटलं तर प्रत्येकाला मिनिटाला ७६ सीसी. इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, ऐंशी टक्क्यांवर थांबायचं, म्हणून ९५ सीसीच्या आसपासचा इंजेक्टर लागतो. साठ हॉर्सपॉवरच्या दुसऱ्या चार सिलिंडरच्या गाडीतही साधारण तेवढाच निघेल. पण जुळायला हवं त्यातलं हे एकच झालं.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा रेझिस्टन्स. बारा ते सोळा ओहमचा इंजेक्टर जेमतेम एक अँपिअर ओढतो. दोन-अडीच ओहमचा त्याच जागी लावला तर पाच अँपिअरच्या वर ओढेल आणि ईसीएममधला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला, ट्रान्झिस्टर जाळेल. इंजेक्टर शोधून मिळेल, स्टॉर्मचा ईसीएम कुठून आणणार? दुसरं, फवाऱ्याचा आकार. तुमचं इंजिन आठ व्हॉल्व्हचं आहे, प्रत्येक सिलिंडरला एकच इन्टेक व्हॉल्व्ह, म्हणून फवारा एकच आणि सरळ हवा. सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाचे बरेच इंजेक्टर दोन फवारे देतात. ते तुमच्याकडे बसवले तर अर्धं पेट्रोल पोर्टच्या भिंतीवर आपटेल. तिसरं, उंची. दोन मिलिमीटर आखूड असला की रेल घट्ट बसते पण इंजेक्टर हलतो, आणि हलणारा इंजेक्टर गळतो. कनेक्टर वेगळा असेल तर मिस्त्री वायर कापून जोड देतील. गोव्याच्या दमट हवेत तो जोड एक-दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो, मग मिसिंग परत सुरू.

युरोपातल्या दुकानात गोंधळ होतो त्याचं कारण सोपं आहे. ती दुकानं चासिस नंबर मागतात आणि स्टॉर्मचा चासिस नंबर रेनॉल्टच्या यादीत असणारच नाही. त्यामुळे ट्विंगो निवडा की क्लिओ निवडा, अंदाजच. डी७एफ इंजिनाचे पुष्कळ उपप्रकार झाले. इंजिनच्या पट्टीवर डी७एफच्या पुढे तीन आकडे असतात, ते टिपून घ्या. पण त्याहून भरवशाचा आहे तो इंजेक्टरच्या अंगावरचा नंबर. रॉकेलने पुसा, मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. त्या नंबरावर शोधा, गाडीच्या नावावर नाही. तोच नंबर मिळाला तर एकच बदलून चालेल, फक्त उरलेल्या तिघांशी बेंचवर फ्लो जुळवून घ्या. तो नंबर मिळालाच नाही आणि दुसरा घ्यावा लागला, तर चारही एकाच नंबरचे घ्या. एक वेगळा आणि तीन जुने असं कधीही करू नका. उघडायला प्रत्येक जातीच्या इंजेक्टरला वेगळा वेळ लागतो, साधारण एक मिलिसेकंद. आयडलला एकूण उघडा राहण्याचा वेळच दोन-तीन मिलिसेकंद असतो, त्यामुळे तिथे हा फरक लगेच दिसतो. आणि फ्लोचा आकडा वाचताना तो किती दाबावरचा आहे ते वाचाच. तीन बारवर १०० सीसी देणारा इंजेक्टर चार बारवर ११५ देतो. विकणारे मोठा आकडा छापतात, दाब छापत नाहीत.

एक गोष्ट मुलाच्या कानावर घाला. तुमच्या गाडीच्या काळात पंपावर शुद्ध पेट्रोल मिळायचं. आता वीस टक्के इथेनॉल असतं. त्या मिश्रणाला पूर्ण जळायला तेवढ्याच हवेत साधारण आठ टक्के जास्त इंधन लागतं. ऑक्सिजन सेन्सर असेल आणि जिवंत असेल तर सावकाश चालवताना ईसीएम ही भर घालतो. पेडल पूर्ण दाबल्यावर मात्र तो सेन्सरचं ऐकत नाही. म्हणजे चोरला घाट भरधाव चढताना गाडी थोडी लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालणार. म्हणून ९५ निघाले तर १००–१०५ सीसीचा सेट घ्यायला हरकत नाही, पण मूळचा सेट चांगला धुऊन निघाला तर नुसत्या इथेनॉलसाठी तो बदलू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी लोखंडी असेल आणि गाडी पावसाळाभर उभी असेल तर तळाशी गंज आहे असंच धरून चाला. टाकी धुवा, फिल्टर नवा, रबरी पाइप नवे. पाइपवर एसएई ३० आर९ छापलेलं असावं. हे सगळं आधी, इंजेक्टर शेवटी. नाहीतर धुतलेल्या इंजेक्टरच्या नव्या जाळीत तोच गंज आठवड्यात जाऊन बसेल.

प्रश्न : मी मूळची पुण्याची, आता न्यू जर्सीत असते. बऱ्याच वर्षांची इच्छा पूर्ण करून १९९१ ची माझदा मियाटा घेतली, १.६ लिटरची. इंजेक्टर जुने आहेत. ऑनलाइन चार नव्यांचा सेट इतका स्वस्त दिसतो की मूळचे धुऊन घ्यायला जास्त पैसे पडतात. शिवाय इथल्या एका मित्राचं म्हणणं आहे, १.८ चे मोठे बसव, पिकअप वाढेल.
— एक वाचक, एडिसन

उत्तर : अभिनंदन! फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली आणि २०१६ मध्ये या मालिकेतली दहा लाखावी तयार झाली. त्यामुळे तुमची स्थिती फोंड्याच्या वाचकांच्या अगदी उलट आहे. त्यांना माल मिळत नाही आणि तुम्हाला नको तितका मिळतो.

मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेवू. तुमच्या गाडीला ११६ हॉर्सपॉवर आहेत. वरचंच गणित मांडलं तर १८५ सीसीच्या जवळ येतं, आणि माझदाने बसवलेले २१० च्या आसपासचे आहेत. म्हणजे कारखान्याने आधीच थोडी मोकळीक ठेवली आहे. १.८ चे इंजेक्टर साधारण २६५ सीसीचे. ईसीएमला हे कळणार नाही. तो मोजतो हवा, तीही तुमच्या वर्षाच्या गाडीत झडपेच्या मीटरने, आणि त्या हवेला साजेसा उघडण्याचा वेळ देतो. तेवढ्याच वेळात पाव हिश्शाने जास्त पेट्रोल पडेल. सेन्सर ते काही अंशी कापेल, पण थंड इंजिनात आणि पूर्ण थ्रॉटलला कापणार नाही. प्लग काळे पडतील, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जाईल. पिकअप पेट्रोलने वाढत नाही, हवेने वाढतो. टर्बो बसवून ईसीएमही नवा लावणार असाल तेव्हा हा विषय पुन्हा काढू.

स्वस्त सेटबद्दल. डब्यावर मोठ्या जपानी कंपनीचं नाव असतं म्हणून आत तिचाच माल आहे असं नाही. खरा आणि नकली हे फोटोवरून ओळखायची माझ्याकडे खात्रीची युक्ती नाही, फोटो खऱ्याचाच लावतात. बेंचवर मात्र लपत नाही. असे सेट मी तपासले आहेत. चार एकसारखे दिसणारे इंजेक्टर, चौघांचा फ्लो वेगळा, आणि फवाऱ्याऐवजी धार. मियाटाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन इन्टेक व्हॉल्व्ह आहेत, तिथे धार सरळ मधल्या भिंतीवर आदळते. तुमच्या हातात पस्तीस वर्षं चाललेले, जपानमध्ये काटेकोर बनलेले इंजेक्टर आहेत. त्यांचा रेझिस्टन्स मोजा, बारा ते सोळा ओहममध्ये आला की ते धुवायला पाठवा. टपालाने इंजेक्टर घेऊन, धुऊन, आकड्यांचा कागद जोडून परत पाठवणारी छोटी दुकानं अमेरिकेत पुष्कळ आहेत. सोबत नवी जाळी, वरच्या ओ-रिंग आणि खालचे जाड रबरी ग्रोमेट बदलून मागा. ग्रोमेट विसरले जातात, आणि तिथून हवा खेचली गेली की आयडल वर-खाली होतं. तुमच्या रेलची भोकं ११ मिलिमीटरच्या जपानी मापाची आहेत. दुकानाने १४ मिलिमीटरच्या जर्मन मापाच्या रिंग दिल्या तर त्या बसणारच नाहीत, तेव्हा पाकीट फोडण्याआधी बघा.

चारपैकी एखादा बाद निघाला तर मोडीतल्या मियाटाचा मूळ इंजेक्टर शोधा आणि तोही त्याच दुकानात, त्याच दिवशी, बाकीच्या तिघांबरोबर तपासून घ्या. नव्या नकलीपेक्षा तो मला शंभर वेळा चालेल.

प्रश्न : टाकीत ओतायच्या इंजेक्टर क्लीनरच्या बाटलीने बेंचचा खर्च वाचतो का? आणि बॅटरीची वायर लावून, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून घरी धुता येतात का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : बाटलीवर पॉलिइथरअमाइन लिहिलेलं असेल तर रोज चालणाऱ्या गाडीतला हलका थर ती खरोखर काढते. दोन टाक्या त्यावर चालवून बघा. बुजलेली जाळी, कडक रिंग, गेलेली कॉइल किंवा ठिबकणारी सुई, यावर तिचा काही उपयोग नाही. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत तर बाटली ओतूच नका. टाकीतला सुटलेला गाळ सरळ फिल्टरवर येतो.

बॅटरी आणि स्प्रेचा प्रकार कृपा करून करू नका. बारा व्होल्ट सलग लावून ठेवले तर कॉइल तापते, कमी ओहमची असेल तर बघता बघता जळते. वायर टेकवताना ठिणगी उडते आणि त्याच वेळी तुम्ही समोर पेटणारा वायू फवारत असता. हात आणि डोळे दोन्ही धोक्यात. पुण्याच्या नाना पेठेत किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही मोठ्या बाजारात पेट्रोल इंजेक्टरचा बेंच असलेलं दुकान विचारा. डिझेलच्या पंप-नोझलवाल्याकडे जाणार असाल तर त्याच्याकडे पेट्रोलचा वेगळा बेंच आहे का, हे आधी फोनवर विचारून घ्या. डिझेल नोझलची चाचणी शेकडो बारवर होते, तिथे पेट्रोलचा इंजेक्टर लावायचा नाही.